पत्र कोणाचे, पाकीट कोणाचे?

श्रोतेहो, काही वर्षांपूर्वी आमच्या पेण आणि रोहा तालुक्यांतल्या शिक्षकमंडळींत एक चमत्कारिक रुसवा निर्माण झाला होता. त्याची हकीकत आधी सांगतो आणि त्यामागचे शास्त्र मग सांगतो. शास्त्र आधी सांगू लागलो तर रेडिओचा कान पिळायला तुम्हांला कितीसा वेळ लागणार!

हायस्कुलांत विज्ञान शिकवणारे काही शिक्षक आणि कॉलेजातले आम्ही दोघेतिघे, अशांनी मिळून ई-मेलची एक यादी केली होती. अशा यादीला मेलिंग लिस्ट म्हणतात. तिची रीत सोपी असते. यादीला स्वतःचा एक पत्ता असतो. एखाद्या सभासदाने त्या पत्त्यावर पत्र टाकले, की यादी सांभाळणारे यंत्र त्या पत्राच्या प्रती काढते आणि एकेका सभासदाला धाडते. जुन्या प्रश्नपत्रिका, कमी खर्चाचे प्रयोग, शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या तारखा असा सगळा मजकूर या यादीवरून फिरत असे.

रोह्याचे एक वडीलधारे गुरुजी यात सगळ्यांत उत्साही. एकदा त्यांनी एका शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख यादीवर कळवली. चार दिवसांनी पेणहून एका शिक्षकांचा फोन आला, "गुरुजी, यंदा तारीख कळवली नाहीत?" गुरुजी चकित झाले. चौकशी करता असे दिसले, की पेणकडच्या निम्म्या मंडळींना ते पत्र मिळालेच नव्हते. पेणकरांना वाटले, रोहेकर सांगत नाहीत. रोहेकरांना वाटले, पेणकर वाचत नाहीत. नागोठण्याच्या बाजूच्या एका शाळेतल्या बाईंचे तर त्याहून विचित्र. त्यांना महिनाभर यादीवरचे एकही पत्र आले नव्हते. त्या मला म्हणाल्या, "मागच्या बैठकीत मी दोन शब्द जास्त बोलले, म्हणून मला गाळलंत ना?"

बाईंना कोणी गाळले नव्हते. निदान कोणा माणसाने तरी नव्हते. आमचा एक माजी विद्यार्थी ती यादी सांभाळत असे. त्याने यंत्राची दप्तरे चाळली आणि म्हणाला, "सर, बाईंचं नाव यंत्रानं बंद केलंय. आणि त्याला कारण आहेत गुरुजींची पत्रं. ती सगळीकडे बनावट ठरताहेत."

खऱ्या माणसाने, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पत्त्यावरून लिहिलेले पत्र बनावट ठरले. आणि त्याची शिक्षा झाली ती ज्यांनी पत्र लिहिलेही नव्हते अशा बाईंना! हे कसे घडले, ते आज पाहू.

आपण टपालाने पत्र पाठवतो तेव्हा नाव दोन ठिकाणी येते. पाकिटावर 'पाठवणार' म्हणून एक, आणि आत मजकुराखाली सहीचे दुसरे. पाकिटावर रामराव आणि आत शामराव असले तरी पोस्टमन काही विचारत नाही. त्याचे काम पत्र पोचवण्याचे. ई-मेलचेही नेमके असेच आहे. ज्या नियमांवर ई-मेलची ने-आण उभी आहे, ते १९८२ साली अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉन पोस्टेल या शास्त्रज्ञाने लिहून काढले. त्या काळी जाळे लहान होते. विद्यापीठे आणि प्रयोगशाळा यांची यंत्रे त्यावर होती. गावात सगळे एकमेकांना ओळखत असले म्हणजे दाराला कुलूप लावत नाहीत, तसाच तो प्रकार. ई-मेललाही पाकीट असते. त्यावर परतीचा पत्ता असतो, म्हणजे पत्र पोचले नाही तर ते कुठे परत पाठवायचे तो पत्ता. हे पाकीट यंत्रेच आपसांत पाहतात, आपल्याला ते दिसत नाही. आपल्याला दिसते ती आतल्या पत्रावरची प्रेषकाची ओळ. ही दोन नावे कृपा करून लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोटाळा या दोहोंच्या मधे आहे.

कुलूप नसलेल्या गावात चोर शिरायचे ते शिरलेच. बँकेच्या नावाने, सरकारी कचेरीच्या नावाने, आपल्याच मेहुण्याच्या नावाने खोटी पत्रे येऊ लागली. मग तपासणीच्या तीन व्यवस्था एकामागून एक निघाल्या.

पहिलीचे नाव एस.पी.एफ. ई-मेलच्या पत्त्यात 'ॲट'च्या चिन्हापुढे जे नाव असते त्याला डोमेन म्हणतात. ते जणू त्या पत्त्याचे गाव. एखाद्या सहकारी सोसायटीने चावडीवर फलक लावावा, की 'आमच्या वतीने वसुलीला येणारी माणसे ही तीन. चौथ्याला पैसे देऊ नयेत', तसा फलक प्रत्येक डोमेनला इंटरनेटच्या सार्वजनिक नोंदवहीत लावता येतो. आमच्या नावाची पत्रे अमुक यंत्रांवरूनच निघतील, असे त्यावर लिहिलेले असते. पत्र घेणारे यंत्र पाकिटावरचा परतीचा पत्ता पाहते, त्या डोमेनचा फलक वाचते, आणि पत्र आणणारे यंत्र त्यात बसते का ते ताडून पाहते.

दुसरी व्यवस्था डी-किम. तिचे नियम २००७ साली प्रसिद्ध झाले. ही पत्रावरची मोहोर होय. मोहोर किंवा सही यांची आमच्या रोहेकरांना वेगळी ओळख करून द्यायला नको. रोह्याचे चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. ते १९४३ ते १९४९ या काळात त्या पदावर होते आणि त्या वेळच्या नोटांवर त्यांची सही असे. त्या सहीमुळे कागदाला किंमत येई. परंतु नोटेवरची सही प्रत्येक नोटेवर सारखीच छापलेली असते. डी-किमची सही मात्र प्रत्येक पत्राला निराळी असते, कारण ती त्या पत्राच्या मजकुरावरूनच गणित करून काढतात. गणिताची गुप्त किल्ली पाठवणाऱ्या डोमेनजवळ राहते. पडताळा पाहण्याची दुसरी किल्ली सार्वजनिक नोंदवहीत सर्वांसाठी टांगलेली असते. वाटेत कोणी मजकुरात एक शब्द जरी घातला तरी हिशेब जुळत नाही. मोहोर तुटली असे यंत्र समजते.

या दोन्ही व्यवस्थांत एक उणीव राहिली. पहिली पाकीट पाहते, दुसरी मोहोर पाहते. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते ती प्रेषकाची ओळ, आणि तिच्याकडे या दोघी पाहतच नाहीत. एखाद्या लबाडाने स्वतःच्या डोमेनचे पाकीट वापरले, स्वतःचीच मोहोर लावली आणि आत प्रेषक म्हणून बँकेचे नाव लिहिले, तर दोन्ही तपासण्या बिनबोभाट पार पडतात. म्हणून तिसरी व्यवस्था आली, ती डी-मार्क. २०१२ साली गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट, पेपॅल इत्यादी कंपन्यांनी मिळून ती पुढे मांडली. तिचे म्हणणे असे, की प्रेषकाच्या ओळीत जे डोमेन दिसते, त्याच डोमेनच्या नावाने पाकीट तरी खरे ठरले पाहिजे किंवा मोहोर तरी शाबूत असली पाहिजे. दोहोंपैकी एकही जमले नाही तर काय करायचे, हा हुकूमही त्या डोमेनचा मालक फलकावर लिहून ठेवतो. हुकूम तीन प्रकारचे असतात: काही करू नका, पण आम्हांला कळवा, संशयित म्हणून बाजूला ठेवा, किंवा दारातूनच परत पाठवा.

बँकेला ही योजना उत्तम लागू पडते. बँकेचे पत्र निघते ते थेट ग्राहकाकडे जाते, मधे कोणी हात लावत नाही. तेव्हा मोहोर तुटलेली दिसली तर संशय घेणे रास्तच आहे.

पण मेलिंग लिस्ट म्हणजे मधला हात. मधला हात प्रामाणिक असला तरी तो पत्राला लागतोच. पेणकर श्रोत्यांना हे चटकन उमजेल. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांतून गणपतीच्या कच्च्या मूर्ती बाहेरगावी जातात आणि रंगकाम पुष्कळदा तिकडेच होते, हे आपण जाणतो. आता समजा, एका कारखानदाराने पूर्ण रंगवलेली मूर्ती खोक्यात घालून खोक्याला स्वतःची मोहोर लावली. मधल्या दुकानदाराने खोके उघडून मूर्तीला फेटा बांधला, आपल्या दुकानाची चिठ्ठी आत ठेवली आणि खोके पुन्हा बंद केले. यात त्याने लबाडी काय केली? काही नाही. मूर्ती पेणचीच, घडणही तीच. परंतु 'मोहोर फुटलेली असेल तर माल घेऊ नका' असे गिऱ्हाइकाला आधीच बजावलेले असेल, तर तो खोके परत करणार.

मेलिंग लिस्ट नेमके हेच करते. कोणत्या यादीवरचे पत्र आहे हे कळावे म्हणून ती विषयाच्या ओळीत यादीचे नाव घालते. पत्राच्या तळाशी 'यादीतून नाव कमी करायचे असल्यास असे करा' अशा दोन ओळी जोडते. झाले, मोहोर तुटली! शिवाय न पोचलेली पत्रे मूळ लेखकाच्या डोक्यावर जाऊन पडू नयेत, म्हणून पाकिटावर परतीचा पत्ता ती स्वतःचा घालते. त्यामुळे पाकिटाची तपासणी पार पडते खरी, पण ती यादीच्या डोमेनच्या नावाने; गुरुजींच्या डोमेनच्या नावाने नव्हे. प्रेषकाच्या ओळीत मात्र अजून गुरुजीच असतात. म्हणजे डी-मार्कच्या दोन्ही वाटा बंद झाल्या. आता गुरुजींच्या डोमेनच्या फलकावर 'दारातूनच परत पाठवा' असा हुकूम असेल, तर घेणारे यंत्र ते पत्र परत पाठवणारच.

याचा पहिला मोठा तडाखा जगाला बसला तो २०१४च्या एप्रिल महिन्यात. तोवर इतका कडक हुकूम प्रामुख्याने बँका आणि पैशांचे व्यवहार करणाऱ्या कंपन्या लावत. लोकांच्या ई-मेलमधल्या पत्त्यांच्या वह्या चोरीला जाऊन, त्यांच्या नावाने त्यांच्याच ओळखीच्यांना खोटी पत्रे जाऊ लागली होती. ती थांबवण्यासाठी याहूने आपल्या सर्वसामान्य ग्राहकांच्या डोमेनवर हा हुकूम लावला. त्याच महिन्यात ए.ओ.एल. या कंपनीनेही लावला. खोट्या पत्रांना त्यामुळे आळा बसला, यात वाद नाही. पण त्याबरोबर देशोदेशीच्या मेलिंग लिस्टांवर एकच धांदल उडाली. इंटरनेटचे नियम ठरवणारी जी अभियंत्यांची मंडळी आहे, तिच्या स्वतःच्या याद्यासुद्धा यातून सुटल्या नाहीत.

आता नागोठण्याच्या बाईंकडे वळू. नाकारलेले पत्र परत कुठे जाते? पाकिटावर असेल त्या पत्त्यावर, म्हणजे यादीकडे. म्हणून गुरुजींना कशाचाच पत्ता लागला नाही. इकडे यादीचे यंत्र प्रत्येक सभासदाच्या नावे किती पत्रे परत आली याची बेरीज ठेवत असते. कोणी पत्ता बदलतो, कोणी नोकरी सोडतो. असे मेलेले पत्ते काढून टाकायला ती बेरीज उपयोगी पडते. गुरुजींची पत्रे भराभर येत होती, बाईंचे टपालयंत्र हुकूम तंतोतंत पाळून ती परत करत होते, आणि यादीच्या यंत्राने शेवटी निष्कर्ष काढला, की हा पत्ता मेला. त्याने बाईंचे नाव बंद केले. मग इतरांची पत्रेही बाईंना जाईनाशी झाली. ज्या सभासदांचे टपालयंत्र गाफील होते, त्यांना काहीच झाले नाही. ज्यांचे दक्ष होते, ते गळाले. कोणी कोणावर रागावायचे?

उपाय काय, असे तुम्ही विचाराल. उपाय तीन आहेत, आणि प्रत्येकाला काही ना काही मोल द्यावे लागते.

पहिला उपाय म्हणजे यादीने पत्राला हातच लावू नये. विषयात नाव घालू नये, तळाशी ओळी जोडू नयेत. मोहोर शाबूत राहते, पत्र पोचते. पण मग पत्र यादीवरचे आहे हे सहजी ओळखू येत नाही. आणि मूळ पत्रावर मोहोरच नसेल तर हा उपाय चालत नाही.

दुसरा उपाय असा, की यादीने पत्र आपल्या स्वतःच्या नावाने पाठवावे. प्रेषकाच्या ओळीत 'अमुक गुरुजी, यादीमार्फत' असे येते, पत्ता यादीचा असतो, आणि उत्तर पाठवण्यासाठी गुरुजींचा पत्ता निराळ्या ओळीत ठेवता येतो. पाकीट यादीचे, मोहोर यादीची आणि प्रेषकही यादी, सगळे जुळते. याद्या चालवणाऱ्या 'मेलमन' नावाच्या प्रसिद्ध आज्ञावलीत अशी सोय झाली, आणि गूगलच्या ग्रुपांवरही कडक हुकमाच्या डोमेनवरून आलेल्या पत्रांवर असे 'मार्फत' लागलेले दिसते. आमच्या विद्यार्थ्याने हाच मार्ग धरला. आमची आज्ञावली जुनी होती, ती त्याने बदलली. मात्र याने लेखकाचा स्वतःचा पत्ता प्रेषकाच्या ओळीतून जातो. गुरुजी जरा दुखावले. "पत्र माझं, आणि वर पत्ता दुसऱ्याचा?" असे त्यांनी मला विचारले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते.

तिसरा उपाय आर्क नावाचा. त्याचे नियम २०१९ साली, प्रयोग म्हणून, प्रसिद्ध झाले. यात पत्र ज्याच्या ज्याच्या हातून जाते, त्याने लिहून ठेवायचे की 'माझ्याकडे आले तेव्हा मूळ मोहोर शाबूत होती', आणि त्याखाली आपली मोहोर लावायची. पंचनाम्यावर एकामागून एक सह्या व्हाव्यात तसे हे आहे. पण पंच विश्वासाचे असतील तरच पंचनाम्याला अर्थ. पत्र घेणाऱ्या यंत्राला मधल्या यादीचा भरवसा वाटला तरच आर्कचा उपयोग होतो, आणि लहान गावच्या लहान यादीला मोठ्या कंपनीचे यंत्र ओळखणार कसे?

हे सगळे दूरचे आहे, असे कोणी समजू नये. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम केला आहे, की पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या डोमेनला एस.पी.एफ. किंवा डी-किम यांपैकी एक तरी हवेच. आणि जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्याला डी-मार्कसह तिन्ही व्यवस्था लागतात. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकच्या पत्त्यांसाठी मोठ्या प्रेषकांना असाच नियम लावला. तेव्हा ज्या शाळेचे, पतसंस्थेचे किंवा ग्रंथालयाचे स्वतःचे डोमेन आहे, त्यांनी ते ज्याच्याकडून घेतले त्याला एकदा स्पष्ट विचारावे, की आमच्या नावे या तिन्ही नोंदी आहेत ना? नसतील तर पालकांना धाडलेली सूचना कचऱ्याच्या खणात पडलेली असेल, आणि आपण मात्र पालकांच्या बेपर्वाईला दोष देत बसू.

यादी चालवणाऱ्या शिक्षकांना आणखी दोन गोष्टी सांगतो. यंत्राने एखाद्याचे नाव बंद केले तर त्याची सूचना आपल्याला येईल अशी योजना करावी, आणि ती आली की त्या माणसाला फोन करावा. दुसरे असे, की ज्या पत्रावर एखाद्या मुलाचे वर्ष अवलंबून आहे, ते एकाच वाटेने पाठवून स्वस्थ बसू नये. आमच्या वेळी पेणच्या त्या शिक्षकांनी फोन केला म्हणून तारीख हातची गेली नाही.

एक सावधगिरीही हवी. या तपासण्या पास झालेले पत्र म्हणजे भल्या माणसाचे पत्र, असा अर्थ कोणी करू नये. डोमेनचे नाव खरे आहे एवढेच त्या सांगतात. नावामागचा माणूस कसा आहे ते सांगत नाहीत. बँकेच्या नावासारखे दिसणारे, एखादे अक्षर इकडचे तिकडे केलेले डोमेन कोणीही विकत घेऊन त्यावर तिन्ही नोंदी रीतसर करू शकतो. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०२५च्या एप्रिलमध्ये सर्व बँकांना आदेश दिला, की ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यांनी आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या राखीव नावाखाली आणावीत. ते नाव बँकेवाचून दुसऱ्या कोणाला मिळत नाही. आपल्या बँकेच्या पत्त्याचे शेपूट पाहण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लावावी, हे बरे.

आमच्या यादीवरचा रुसवा पुढे मिटला. विद्यार्थ्याने बाईंचे नाव पुन्हा चालू केले आणि मी स्वतः त्यांच्या शाळेत जाऊन हा सगळा खुलासा केला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे माणसांनी गाळलं नव्हतं तर!" गुरुजींनीही 'मार्फत' पत्करले. मात्र त्या दिवसापासून ते प्रत्येक पत्राच्या शेवटी आपले पूर्ण नाव, शाळा, गाव आणि तालुका लिहितात. वर कोणाचेही नाव असो, खाली आपले असले पाहिजे, असे ते म्हणतात.